बरणीतला साप रात्रीतून जातो कुठे?

सर्पमित्राने रात्री पकडलेला साप सकाळपर्यंत कुठेतरी ठेवावा लागतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. पावसाळ्यात खेड्यातून फोन येतो तो बहुधा अंधार पडल्यावर. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या कुटाराच्या ढिगात, कुणाच्या पऱ्हाटीच्या गंजीत साप निघालेला असतो. लगेच सोडायला जावं तर पांदण चिखलाची आणि नाला भरलेला. मग साप बरणीत जातो, बरणी ओसरीच्या कोपऱ्यात, आणि सकाळी बघावं तर झाकण बाजूला पडलेलं.

कायद्याचं आधी सांगून टाकू. आपल्याकडचे साप पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, मग तो बिनविषारी धामण का असेना. बॉल पायथनसारख्या परदेशी सापांची २०२४ च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. पकडलेल्या सापाची खबर वनविभागाला द्यायची, त्यासाठी १९२६ हा नंबर आहे, आणि साप ताब्यात ठेवायचा तो कमीत कमी तास. हौस म्हणून चार दिवस ठेवून त्याचे व्हिडिओ काढणाऱ्यांना सर्पमित्र म्हणू नये.

आता साप निसटतो कसा ते पाहू. सापाला छातीचं मधलं हाड नसतं. बरगड्यांची पोटाकडची टोकं मोकळी असतात, त्यामुळे अंग हवं तसं चपटं होतं. मेंदूभोवतीची कवटी मात्र दबत नाही. म्हणून फटीचा हिशेब अंगाच्या जाडीवरून न करता डोक्यावरून करायचा. डोकं गेलं की मागचं अंग सहसा जातंच. नुकतंच उंदीर-बेडूक गिळलेला साप किंवा पोटात अंडी असलेली मादी तेवढी अडकते. कवड्या हा बिनविषारी साप यात सगळ्यात बेरका. त्याचं डोकं चपटं असतं, खरखरीत भिंतीवर तो सहज चढतो आणि पेन्सिल जाईल एवढी फट त्याला पुरते.

साप सुटकेचा बेत वगैरे आखत नाही. दोन्ही बाजूंनी अंगाला काहीतरी टेकलेलं असलं की तो निवांत पडून राहतो. मोकळ्या बरणीत तसं काही मिळत नाही, म्हणून तो रात्रभर कडेकडेने फिरतो आणि नाकाने झाकणाची कड ढकलत राहतो. एकदा ढकलून झाकण हललं नाही म्हणून तो सोडून देत नाही. त्यामुळे आत घडी केलेलं सुती कापड किंवा चुरगळलेला पेपर टाकावा. साप त्याखाली दडला की ढकलाढकल बरीच कमी होते. एका रात्रीसाठी खाणं-पिणं काही लागत नाही, दूध तर मुळीच नाही.

बरणीत चूक होते ती आट्यांवर. रुंद तोंडाच्या बरणीचं झाकण तिरपं बसलं तरी वरून घट्ट लागल्यासारखं दिसतं. साप घालण्याआधीच, रिकाम्या बरणीचं झाकण लावून चारही बाजूंनी वर ओढून बघावं. एक बाजू जरी उचलली गेली तर झाकण काढून पुन्हा लावावं. हवेसाठी ३ ते ४ मिलिमीटरची दहा-बारा भोकं पुरतात, कारण सापाला आपल्यासारखा भराभर श्वास लागत नाही. तापलेल्या खिळ्याने भोकं पाडायची ती आतून बाहेर, म्हणजे धारदार कड बाहेर राहते आणि सापाचं नाक सोलत नाही.

खताचं पोतं मात्र वापरूच नये. ते शिवलेलं असतं एका दोऱ्याच्या साखळी टाक्याने. पोतं उघडताना एक टोक धरून ओढलं की सबंध शिवण सर्रकन उसवते, ते आपण दर हंगामात बघतो. बुडाच्या शिवणीचा दोरा कुठे तुटलेला असला आणि आतून साप रेटत असला, तर तीच शिवण मोकळी व्हायला लागते. शिवाय आत खताचे कण उरलेले असतात ते वेगळेच.

योग्य साधन साधं आहे. जाड, काळ्या सुती कापडाची दीड फूट रुंद आणि तीन फूट लांब पिशवी दुहेरी टाक्याने शिवून घ्यावी आणि शिवण बाहेरच्या अंगाला ठेवावी. आत लोंबणाऱ्या दोऱ्यात साप गुरफटतो. पिशवीच्या तोंडाला ३ इंची पीव्हीसी पाइपचा फूट-दीड फुटाचा तुकडा बांधला की सापाला ते अंधारं बीळ वाटतं आणि तो आपणहून आत शिरतो. मग पाइप काढायचा, पिशवीची मान पिळायची, दुमडायची आणि दुमडीवर बांधायची. नुसती गाठ मारली तर गाठीखालच्या सैल कापडातून साप वाट काढतो. ही पिशवी घट्ट झाकणाच्या, भोकं पाडलेल्या बादलीत ठेवावी. विषारी सापाचे दात कापडातून आरपार येतात, म्हणून पिशवी अंगाला लागू द्यायची नाही आणि धरायची ती गाठीच्या वरच. एका पिशवीत एकच साप. मण्यार आणि नाग दुसरे साप खातात.

घोणशीचं वेगळं सांगायला हवं. ती अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत एका वेळी वीस ते चाळीस पिल्लं होऊ शकतात, वीतभर लांबीची आणि पहिल्या दिवसापासून विषारी. मोठ्या घोणशीसाठी पाडलेली भोकं अंदाजाने जरा मोठी झाली, तर रात्री आई बरणीतच राहते आणि पिल्लं घरभर होतात. जाड अंगाची घोणस नुसत्या बरणीत कधीच ठेवू नये, कापडी पिशवीतच ठेवावी.

आणि बरणी टिनाच्या छपराखाली किंवा उभ्या गाडीत विसरू नये. बाहेर ४५ अंश असताना आत त्याहून जास्त तापतं. सापाला अंग थंड राखता येत नाही. तो सुटत नाही, मरतो.

साप निसटलाच तर आधी दार लावायचं, उंबऱ्याच्या फटीत ओलं पोतं कोंबायचं, न्हाणीचं भोक बुजवायचं आणि लेकरांना बाहेर काढायचं. शोध बरणीपासून सुरू करायचा आणि भिंतीच्या कडेने दोन्ही दिशांना न्यायचा. उघड्या जमिनीवरून साप सहसा जात नाही. थंडीत फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरपाशी हमखास बघावं. चुलीमागची सांद, धान्याच्या कोठीचं बूड, अंथरुणांची चळत, जोडे, मातीच्या भिंतीतल्या भेगा, यातलं काहीही सुटू नये. कवड्या, तस्कर किंवा धामण असा चढणारा साप निसटला असेल तर आढ्याकडे आणि कवेलूंखालीही टॉर्च मारावा. सापाचे डोळे उजेडात मांजरासारखे चमकत नाहीत, तेव्हा खवल्यांची चमक शोधायची. वस्तू काठीने सरकवायच्या, हाताने नाही.

मिरचीची धुरी, फिनाईल, रॉकेल हे उपाय उलटतात. त्याने साप भेगेत आणखी खोल जातो आणि आपल्याला मात्र घरात थांबता येत नाही.

दिवसा सापडला नाही तर संध्याकाळी चुलीची बारीक राख चाळून दारात आणि भिंतीच्या कडेने वीतभर रुंद, पातळ पट्टा टाकावा. हवा दमट असेल तर रांगोळी बरी, राख ओल धरून बसते. उंदीर-पालीच्या मागावर पायांचे ठसे दिसतात, सापाची नुसती रेघ उमटते. साप वळणाच्या मागच्या बाजूने जमिनीला रेटून पुढे जातो, म्हणून राखेचा छोटा उंचवटा ज्या बाजूला साचलेला दिसेल, त्याच्या उलट दिशेला तो गेलेला असतो.

पकडताना मण्यार की कवड्या हे नीट पाहिलेलं नसेल तर मण्यारच धरून चालावं. मण्यारचे पांढरे पट्टे बारीक, बहुतेक जोडीजोडीने, आणि मानेपाशी पुसट किंवा नसलेलेच. ते शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. पाठीच्या मधोमध मोठे षटकोनी खवले असतील तर ती मण्यार. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश कित्येकदा दुखतही नाही. ती घरात असेपर्यंत सगळ्यांनी खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावं. पहाटे कुणाचं पोट दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या किंवा बोलणं जडावलं तर दंशाची खूण शोधत बसू नये. १०८ ला फोन करून थेट ग्रामीण रुग्णालय गाठावं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर तिथलं प्रतिसर्पविष एकच असतं.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत साप एका जागी आठवडाभरही न हलता राहू शकतो, खाण्यावाचून त्याचं काही अडत नाही. तेव्हा दोन रात्री राखेवर रेघ उमटली नाही म्हणून साप गेला असं धरू नये. पट्टा रोज संध्याकाळी नव्याने टाकावा, आणि ऊन पडून रात्री जरा उबदार झाल्या की दोन-तीन दिवस विशेष लक्ष ठेवावं. दडलेला साप बाहेर येतो तो तेव्हाच.