इंटरल्यूकिन-१ बीटा पेशीबाहेर कसे पडते? शोधाची पार्श्वभूमी

पेशीबाहेर जायच्या बहुतेक प्रथिनांच्या सुरुवातीला एक संकेतक्रम, म्हणजे पत्त्यासारखे काम करणारा अमिनो आम्लांचा छोटा क्रम, असतो. त्याच्या आधारे प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत शिरते आणि गॉल्जीमार्गे पेशीपटलापर्यंत पोहोचते. टीएनएफ हे दाह घडवणारे दुसरे प्रथिन याच वाटेने येते आणि तिथे विकराने कापले जाऊन सुटते. १९८४ मध्ये इंटरल्यूकिन-१ बीटाचा क्रम हाती आला, तर त्यात हा संकेतच नव्हता. ताप आणणारे इतके प्रभावी प्रथिन पेशीद्रवातच तयार होते. मग ते बाहेर पडते कुठून? हे कोडे सुटायला तीस वर्षे लागली.

१९९० मध्ये रुबार्तेल्ली आणि सहकाऱ्यांनी नेहमीची वाट अडवणारी औषधे देऊन पाहिली. इंटरल्यूकिन-१ बीटा तरीही बाहेर येतच राहिले. १९९२ मध्ये ३१ किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) पूर्वरूप, म्हणजे न कापलेले निष्क्रिय रूप, कापून १७ किलोडाल्टनचे सक्रिय रूप बनवणारा विकर सापडला. आज त्याला कॅस्पेज-१ म्हणतात. त्याला जागे करणारा प्रथिनसंच, म्हणजे इन्फ्लमासोम, २००२ मध्ये चॉप यांच्या गटाने मांडला. दार तरीही सापडले नव्हते.

ते २०१५ मध्ये सापडले: गॅसडर्मिन-डी. बीजिंगमधील शाओ आणि जेनेनटेकमधील दीक्षित यांच्या गटांनी ते स्वतंत्रपणे दाखवले. कॅस्पेज-१ या प्रथिनालाही कापते. त्याचे पुढचे तुकडे पेशीपटलात एकत्र येऊन रंध्र करतात. २०२१ च्या रचनेनुसार या रंध्राचा आतला व्यास सुमारे २१ नॅनोमीटर आहे, म्हणजे आकाराची अडचण नाही. निवड होते ती विद्युतभाराने: रंध्राचा मार्ग ऋणभारित, पूर्वरूपही ऋणभारित, म्हणून ते मागे रेटले जाते आणि सक्रिय रूप चटकन निसटते. या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर भाग.

त्याच वर्षी निन्जुरिन-१ ने जुना गोंधळ मिटवला. पेशी फुटणे हा रंध्रांचा आपोआप होणारा परिणाम नसून या प्रथिनाचे काम आहे. ते नसले तरी इंटरल्यूकिन-१ बीटा बाहेर येते. १४० किलोडाल्टनचे एलडीएच, म्हणजे पेशी फुटल्याची खूण म्हणून मोजला जाणारा पेशीद्रवातला विकर, मात्र बहुतांशी आत राहते.

म्हणूनच मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींना) आधी तीन-चार तास एलपीएस (पूर्वरूप तयार करायला लावणारा जिवाणूंच्या आवरणाचा घटक) आणि मग निजेरिसिन (इन्फ्लमासोम जागे करणारे रसायन) देऊन केलेल्या प्रयोगात केवळ एलडीएच मोजून स्राव ठरवू नये. एलायझा ही प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणारी चाचणीही अनेकदा पूर्वरूप आणि सक्रिय रूप एकत्रच मोजते. फुटलेल्या पेशींतून सांडलेले पूर्वरूप मग स्राव म्हणून नोंदले जाते. पेशींवरच्या माध्यमाचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने आकारानुसार वेगळी करून ओळखण्याची पद्धत) करून १७ किलोडाल्टनची पट्टी पाहावी. त्या टप्प्यावर माध्यमात सीरम ठेवू नये, नाहीतर अल्ब्युमिनच्या गर्दीत पट्ट्या विस्कटतात.