कॅटची तयारी: विद्यार्थी आणि पालकांसाठी माहितीपत्रक

रामबागेतील आमच्या वर्गात कॅटच्या, म्हणजे एमबीएसारख्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेच्या, चौकशीसाठी येणारे पालक बहुधा अभ्यासक्रम किती महिन्यांत पूर्ण होईल, हे आधी विचारतात. त्याचे उत्तर आम्ही जरूर देतो. परंतु या परीक्षेतील गणित मुख्यतः दहावीपर्यंतचे असून त्यात अकरावी-बारावीचा थोडाच भाग येतो, त्यामुळे अभ्यासक्रम संपवणे हे तयारीतील तुलनेने सोपे काम आहे. अवघड आहे ती निवड. समोरच्या प्रश्नांपैकी कोणते सोडवायचे आणि कोणत्यांना हातही लावायचा नाही, हे घड्याळ चालू असताना ठरवता आले पाहिजे, आणि आमच्या शिकवण्याचा मोठा भाग याच सवयीसाठी राखलेला आहे.

आयआयएम (भारतीय व्यवस्थापन संस्था) आळीपाळीने घेत असलेली ही परीक्षा अलीकडे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होत आली आहे, आणि तिचे अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात. 2020 पासून ती दोन तासांची आहे. इंग्रजी आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन विभाग याच क्रमाने येतात, प्रत्येकाला 40 मिनिटे मिळतात, आणि एका विभागाचा वाचलेला वेळ दुसऱ्यासाठी वापरता येत नाही. 2024 मध्ये या विभागांत अनुक्रमे 24, 22 आणि 22 असे एकूण 68 प्रश्न होते. बरोबर उत्तराला 3 गुण मिळतात आणि पर्यायी, म्हणजे दिलेल्या चार पर्यायांतून उत्तर निवडायच्या, प्रश्नाचे उत्तर चुकल्यास 1 गुण कापला जातो. ज्या प्रश्नांचे उत्तर स्वतः टाइप करायचे असते, त्यांत मात्र चुकीबद्दल गुण जात नाही.

या गुणपद्धतीचा अर्थ नीट समजून घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. समजा, सर्व प्रश्न पर्यायी आहेत आणि एकाने त्यांपैकी 40 सोडवले आणि त्यांतील 32 बरोबर आले, तर त्याचे 88 गुण होतात. दुसऱ्याने 50 सोडवले आणि बरोबर तेवढेच 32 आले, तर 78 होतात. जास्त प्रश्न सोडवणारा येथे 10 गुणांनी मागे राहिला. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडल्यास सरासरीने ना फायदा होतो ना तोटा, मात्र वेळ जातो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडणे फायद्याचे ठरते. टाइप करायचा प्रश्न थोडाफार सुटला असेल, तर तो कोरा सोडू नये. शाळेत एकही प्रश्न न सोडण्याचे वळण लागलेल्या हुशार मुलांना हे पचायला वेळ लागतो, आणि पालकांनी या काळात ‘पेपर पूर्ण का सोडवला नाहीस?’ असे विचारू नये.

प्रश्न निवडण्याच्या या सवयीसाठी मॉक, म्हणजे खऱ्या परीक्षेसारख्या सराव चाचण्या आवश्यक आहेत, पण केवळ त्यांची संख्या वाढवून काही साधत नाही. चाचणी दोन तासांची असेल, तर तिच्या तपासणीला आम्ही किमान तीन तास देण्यास सांगतो. विद्यार्थ्याने चुकलेल्या प्रश्नांइतकेच बरोबर आलेले प्रश्नही पुन्हा सोडवायचे असतात आणि प्रत्येकाला किती वेळ लागला, हे वहीत लिहायचे असते. उदाहरणार्थ, तीन नळ एक टाकी अनुक्रमे 12, 15 आणि 20 तासांत भरतात, तर एकत्र किती वेळात भरतील? अपूर्णांकांची बेरीज करूनही उत्तर 5 तासच येते. पण टाकी 60 लिटरची मानली, तर नळ ताशी 5, 4 आणि 3, म्हणजे मिळून 12 लिटर भरतात, आणि उत्तर तोंडी मिळते. उत्तर बरोबर असल्यामुळे गुणपत्रकात हा फरक दिसत नाही, वहीत मात्र दिसतो. अशी वही लिहिणाऱ्या विद्यार्थ्याशी शिक्षक दर आठवड्याला स्वतंत्रपणे बसतात. वही न लिहिणाऱ्याला पुढची मॉक आम्ही देत नाही. हा नियम काहींना कडक वाटतो, परंतु तो आम्ही सैल करणार नाही.

तर्काच्या विभागात प्रश्न सेटमध्ये, म्हणजे एकाच माहितीवर आधारलेल्या गटांत येतात आणि एक चुकीचा सेट धरून बसल्यास पंधरा मिनिटे सहज जातात. म्हणून पहिली पाच मिनिटे सर्व सेट वाचण्यासाठीच ठेवायची, हा सराव आम्ही पहिल्या महिन्यापासून करून घेतो.

इंग्रजीबाबत थोडे अधिक सांगणे भाग आहे. आपल्या इंदूरच्या मराठी घरांतील मुले घरी मराठी, बाहेर हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलतात. तीन भाषांत वावरणे हे त्यांचे बळ आहे. तरीही कॅटमधील उतारे तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, पर्यावरण, कला अशा विषयांवरचे असतात, आणि ते समजण्यासाठी शब्दार्थांच्या याद्या पाठ करणे फारसे उपयोगी पडत नाही. रोज एक दीर्घ लेख वाचून लेखकाचे म्हणणे दोन वाक्यांत, हवे तर मराठीतच, लिहावे. वाचनाची ही सवय लागायला काही महिने जातात, म्हणून ती गणिताच्या आधी सुरू करावी.

परीक्षा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशा तीन सत्रांत होते. सत्र निवडता येत नाही, ते प्रवेशपत्रावरूनच कळते. म्हणून आमच्या मॉकही तिन्ही वेळांना ठेवलेल्या असतात.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. 95 पर्सेंटाइल म्हणजे 95 टक्के गुण नव्हेत, तर सुमारे 95 टक्के परीक्षार्थींच्या पुढे असणे होय. शिवाय मुलाखतीचे बोलावणे केवळ या आकड्यावर येत नाही. राऊ येथील आपल्या इंदूरच्या आयआयएमसह अनेक संस्था दहावी आणि बारावीचे गुणही मोजतात, आणि ते गुण आता बदलता येत नसल्यामुळे कोणत्या संस्थांसाठी अर्ज करावा, झॅट किंवा स्नॅप या इतर व्यवस्थापन प्रवेश परीक्षाही द्याव्यात का, हे सुरुवातीलाच ठरवलेले बरे. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या आयपीएम या व्यवस्थापन अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा वेगळी आहे, आणि तिची तयारी आम्ही करून घेत नाही.

नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा आणि रविवारचा वर्ग आहे. शुल्क हप्त्यांनी भरता येते. पहिल्या आठवड्यातील तासांना बसून मगच प्रवेश निश्चित करावा. पहिल्या भेटीला येताना दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिकांच्या प्रती, तसेच आधी कॅट दिली असल्यास तिचे गुणपत्रक सोबत आणावे. त्या दिवशी 40 मिनिटांची एक छोटी चाचणी होते, तिचे शुल्क घेतले जात नाही, आणि पालकांनीही त्यानंतरच्या चर्चेस थांबावे, अशी विनंती आहे.