पेन्रिनचा संप: ‘ख्वाल्व्हा’ नाटकामागची तीन वर्षं

‘ख्वाल्व्हा’ म्हणजे पांगापांग. टी. रोलंड ह्यूज यांच्या १९४६ च्या वेल्श कादंबरीचं हे नाव. २०१६ साली बँगोरला तिचं नाटक झालं. मागे उभा आहे तो उत्तर वेल्समधल्या बेथेस्डा गावाचा, पेन्रिन स्लेट खाणीतला १९००–०३ चा संप.

हा संप निव्वळ मजुरीसाठी होता असं समजून नाटक पाहिलं तर अर्धं हातचं सुटतं. मूळ भांडण ‘बार्गेन’ नावाच्या कामाच्या कराराचं. कड्याचा साधारण सहा यार्ड रुंदीचा पट्टा तीन-चार जणांच्या टोळीला महिनाभरासाठी मिळे. काही जण कड्यावर सुरुंग लावून दगड पाडत, बाकीचे शेडमध्ये तो चिरून छपरांच्या पाट्या घडवत. दगड ओला असतानाच फोडावा लागे. वाळला की नीट चिरत नाही. पाट्यांचे दर आकारानुसार बांधलेले, आणि आकारांना नावं थेट उमराव घराण्यातल्या बायकांची: २४ बाय १२ इंची ‘डचेस’, २० बाय १० ची ‘काउंटेस’. शिवाय दगड वाईट निघाला तर कमाईच्या दर पाउंडामागे जादा रक्कम. ती किती, हे दर महिन्याला मुकादमाशी घासाघीस करून ठरे. मुकादमाची मर्जी गेली तर वाट्याला नापीक कडा. तरी खाणकामगार स्वतःला नोकर मानत नसे, धनी मानी.

मालक लॉर्ड पेन्रिन आणि व्यवस्थापक ई. ए. यंग यांना हेच खुपत होतं. मोठे पट्टे ठेकेदारांना दिले की हाच माणूस रोजंदारीवर येणार. १८९६–९७ मध्ये एक लढा होऊन गेलाच होता. १९०० च्या शरदात ठेकेदारांना मारहाण झाली, खटले झाले. मधे काम थांबलं. नंतर कामावर परतलेल्यांपैकी सुमारे ८०० जणांना बार्गेनच मिळालं नाही. २२ नोव्हेंबरला बाकीच्यांनीही हत्यारं खाली ठेवली. एकूण २,८०० च्या आसपास माणसं बाहेर पडली.

जून १९०१ मध्ये काही शे जण परतले. त्यांना प्रत्येकी एक सोन्याचा पाउंड मिळाला. गावानं त्याचं नाव ठेवलं ‘पिंट अ गन्फॉन’, शेपटीचा पाउंड. (शेपूट हलवणाऱ्याला मिळालेला, असा टोमणा.) मग घरोघरी खिडक्यांत छापील कार्डं लागली: ‘या घरात फितूर कोणी नाही.’ कार्ड दिसेनासं झालं की शेजाऱ्याला विचारायची गरज उरत नव्हती. रंगमंचासाठी याहून नेमकी वस्तू शोधून सापडणार नाही.

पैसा उभा करायला गावातली गायनवृंदं इंग्लंडभर फिरली. शेकडो पुरुष दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींत गेले, त्यातले बरेच परतलेच नाहीत. नाटकाचं नाव इथून येतं. नोव्हेंबर १९०३ मध्ये संप मोडला. अनेकांना परत घेतलं गेलं नाही. लॉर्डनं कामावर राहिलेल्यांसाठी जवळच्या त्रेगार्थ गावी घरं बांधली. त्या रस्त्याला लोक ‘शेपटीची गल्ली’ म्हणू लागले.