थोमाचे शुभवर्तमान

येशूच्या ११४ वचनांचा बायबलबाहेरचा संग्रह. त्यात जन्मकथा नाही, चमत्कार नाहीत, क्रूस आणि पुनरुत्थानही नाही. बहुतेक वचने ‘येशू म्हणाला’ अशी थेट सुरू होतात. या वचनांचा अर्थ ज्याला गवसेल त्याला मरणाची चव चाखावी लागणार नाही, असे पहिलेच वचन सांगते. इथे तारणाचा सगळा भार क्रूसावर नसून उमजण्यावर आहे.

लेखनिक म्हणून दिदुम यहूदा थोमा हे नाव येते. अरामी ‘थोमा’ आणि ग्रीक ‘दिदुम’ या दोन्हींचा अर्थ जुळा, त्यामुळे व्यक्तिनाम उरते ते यहूदा. येशूला धरून देणारा तो हा नव्हे.

१९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ खतासाठी माती खणताना शेतकऱ्यांना एक रांजण सापडला. त्यात चामडी बांधणीचे पपायरसचे ग्रंथ होते. त्यांपैकी एकात या शुभवर्तमानाची चौथ्या शतकातली कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती भाषेतली, प्रत आहे. इजिप्तमधल्याच ऑक्सिरिंकस या जुन्या गावी सापडलेले तीन ग्रीक तुकडे १८९७ आणि १९०४ मध्येच छापले गेले होते, पण ते याच ग्रंथाचे आहेत हे कॉप्टिक प्रत हाती आल्यावर उमगले. वचनांचे क्रमांक आधुनिक संपादकांचे आहेत. हस्तलिखितात मजकूर सलग चालतो.

अर्थ लावताना घोटाळा होतो तो ७७व्या वचनात. ‘लाकूड फोडा, मी तिथे आहे, दगड उचला, मी सापडेन.’ मराठी वाचकाला इथे चटकन अद्वैत आठवते, आणि कॉप्टिक प्रतीत लगेच आधी ‘सर्व मीच’ असे असल्याने ते साहजिकच आहे. ग्रीक तुकड्यात मात्र हेच वाक्य ३०व्या वचनाला जोडून येते, तेही दगड आधी आणि लाकूड नंतर. तिथे आधीचा आशय आहे, एकटा असेल त्याच्यासोबत मी आहे. मग दगड आणि लाकूड म्हणजे एकट्याने राबणाऱ्याचे काम, आणि वचन सोबतीचे ठरते. दोन्ही पाठ शेजारी ठेवल्याशिवाय या ओळीवर तत्त्वज्ञान उभारू नये.

ग्रंथाला सरसकट नॉस्टिक, म्हणजे गूढ ज्ञानानेच मुक्ती मानणाऱ्या प्राचीन पंथांचा, म्हणणेही घाईचे आहे. जग घडवणाऱ्या कनिष्ठ देवाची नॉस्टिक कथा यात नाही. शिवाय निम्म्याच्या आसपास वचनांना बायबलमधल्या मत्तय, मार्क, लूक या शुभवर्तमानांत जोड सापडते. मोहरीचा दाणा इथेही आहे. रचनाकाळ पहिल्या शतकापासून दुसऱ्याच्या अखेरपर्यंत कुठेही धरला जातो. ‘थोमाचे बालपण-शुभवर्तमान’ हे निराळे पुस्तक. मातीच्या चिमण्या उडवणारा बाळ येशू त्यातला.