डीपी आणि सीडीपी: नाव ‘विकास आराखडा’, पण तपासायचं काय?

शहराच्या विकास आराखड्यावरून वाद पेटला की निम्मे लोक डीपीबद्दल बोलत असतात, निम्मे सीडीपीबद्दल. मग एकाची कसोटी दुसऱ्याला लावली जाते.

डीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालची विकास योजना. तिला कायद्याचं बळ आहे. तुमच्या सर्व्हे नंबरवर शाळेचं आरक्षण पडलं, म्हणजे ती जागा शाळेसाठी राखून ठेवली, की बांधकाम परवानगी अडलीच. सीडीपी, म्हणजे शहर विकास आराखडा, जेएनएनयूआरएममुळे, म्हणजे शहरांसाठीच्या केंद्राच्या ‘जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियाना’मुळे गाजला. २००५ साली ही योजना आली आणि केंद्राचा निधी हवा तर आधी सीडीपी द्या, अशी अट पडली. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड ही शहरं त्यात होती. सीडीपी कुणाच्या सातबाऱ्याला हात लावत नाही.

डीपी चांगला की वाईट हे अहवालातल्या भाषेवरून कळत नाही. भाग नकाशा, म्हणजे डीपीतला आपल्या भागाचा नकाशा, घ्यावा आणि आपल्याच वॉर्डात फिरून यावं. आज जमिनीवर जे आहे ते नकाशात आहे का? मुंबईचा २०१५चा प्रारूप आराखडा इथेच आपटला. वारसा वास्तूसुद्धा नीट दाखवलेल्या नव्हत्या. सरकारने तो एप्रिलमध्ये थांबवला, आणि सुधारित आराखडा अमलात यायला २०१८ उजाडलं. दुसरी गोष्ट आरक्षणांची. दहा वर्षांत जमीन ताब्यात आली नाही, तर याच अधिनियमाच्या कलम १२७ नुसार मालक खरेदी सूचना (‘जमीन विकत घ्या’ अशी नोटीस) बजावू शकतो, आणि त्यानंतरही पालिका मुदतीत हलली नाही तर आरक्षण रद्द होतं. म्हणून उद्यानांचे हिरवे ठिपके मोजून खूश होण्यात अर्थ नाही. जुन्या डीपीतली किती आरक्षणं खरोखर ताब्यात आली, हे आधी विचारावं. हरकती-सूचनांच्या सुनावणीनंतर कुठलं आरक्षण कुठे सरकलं, हेही बघावं. खरी गंमत तिथेच असते.

सीडीपीत नकाशापेक्षा पैशाचं प्रकरण आधी उघडावं. ‘जागतिक दर्जाचं शहर’ वगैरे व्हिजन सल्लागार कुठल्याही गावाला लिहून देतो. पण सुचवलेल्या प्रकल्पांचा वार्षिक खर्च पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाशेजारी ठेवा. मालमत्ता कर, पाणीपट्टी किती वाढेल असं धरलंय? मलनिस्सारण केंद्र बांधायला अनुदान मिळेल, पण त्याचं वीजबिल कोण भरणार? याचं उत्तर त्यात नसेल, तर ती नुसती मागण्यांची यादी आहे.