शेवळं, उंदीरमारी आणि नत्राचा हिशोब

पहिले एक-दोन पाऊस झाले की बोरिवलीच्या बाजारात आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या मांडून बसतात. शेजारी काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, वाटा असतोच, नाहीतर भाजी घशाला खाजते. काकडं झाडावरची, शेवळं झाडाखालची. पण जंगल म्हटलं की आपण मान वर करून साग, ऐन, कळंब बघतो. खालच्या झाडोऱ्याकडे मुंबईकराचं लक्ष जातं ते कारवी फुलल्यावर, म्हणजे आठ वर्षांतून एकदा.

या खालच्या थरात कोण टिकणार हे वरच्या झाडाच्या सावलीवर आणि पानगळीवर ठरतं, तसंच मातीतल्या नत्रावरही. नत्राची गोष्ट आधी गवतात कळली. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात १८५६ साली कुरणाच्या तुकड्यांवर वेगवेगळी खतं घालायला सुरुवात झाली. नत्र घातलेल्या तुकड्यांत गवत माजलं आणि बाकीच्या जाती एकेक करून गळाल्या. भरपूर खायला मिळालं की दांडगे वाढतात, अल्पसंतुष्ट मरतात. पुढे १८८०च्या दशकात हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र पकडतात. म्हणजे खत घालायला माणूसच लागतो असं नाही, झाडही ते काम करतं.

आपल्याकडे हे झाड म्हणजे गिरिपुष्प, उर्फ उंदीरमारी. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. नुसती फांदी खोचली तरी जगतं, कोकणात त्याचा पाला भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून जातो. उघडे डोंगर झटपट हिरवे करायला याहून सोयीचं काय? आरेत आणि बोरिवलीच्या रानाकडेला फेब्रुवारीत ते गुलाबी फुलतं, आणि फोटोत छानच दिसतं. त्याच्याखाली मात्र मला बहुतेकदा टणटणी आणि रानमोडी ही माजणारी परकी झुडपंच दिसली. दोष एकट्या नत्राचा नाही म्हणा. जुनी तोड, गुरं, वणवे, मोकळा उजेड, सगळेच वाटेकरी.

हवाईत मायरिका फाया या परक्या झाडाने लाव्ह्याच्या नापीक जमिनीत नत्र कसं भरलं, ते १९८७ साली परिसंस्थांचे अभ्यासक पीटर व्हिटोसेक आणि सहकाऱ्यांनी मांडलं. अमेरिकेतच वेस्ट व्हर्जिनियातल्या फर्नो जंगलात १९८९पासून एका पाणलोटावर आकाशातून नत्र टाकत गेले. तिथला झाडोरा लगेच हलला नाही. बऱ्याच वर्षांनी रानबेरीची काटेरी जाळी पसरली.

हे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि मातीतलं मोकळं नत्र ओढ्यात वाहून जातं. मुळांत आणि पालापाचोळ्यात अडकलेलं तेवढं मागे राहतं, आणि उंदीरमारी तोडली तरी ते काही काळ तिथेच असतं.