शुभमंगलचा अनुस्वार: रंगीत हस्ताक्षरी फाँटची पार्श्वभूमी

गेल्या वर्षी भाचीच्या रुखवतासाठी जाड कार्डशीटवर ‘शुभमंगल’ कापून हवं होतं. ब्रशने लिहिल्यासारखा एक रंगीत फाँट हौसेने निवडला आणि फाइल कटिंगवाल्याकडे दिली. अर्ध्या तासाने हातात आलं ते पाकिटात भरलेल्या सुट्या अक्षरांचं कुटुंब. रंग तर गेलाच होता, कारण सुरीला रंग कळत नाही, फक्त कड कळते. आणि देवनागरी फाँटमध्ये शिरोरेषा सलग नसतेच. प्रत्येक अक्षर आपला रेघेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर जरासे चढतात. डोळ्याला सलग दिसतं, मशीन मात्र प्रत्येकाभोवती फिरून येतं. कापण्याआधी ते ‘वेल्ड’ करायचे, म्हणजे एकमेकांत जोडून एकच आकार करायचा असतो. तसं करून पुन्हा कापलं, तर ‘शु’ एकटाच बाजूला पडला, कारण भ च्या डोक्यावर डावीकडे रेघ नसते. अनुस्वार मॅटलाच, म्हणजे कागद धरून ठेवणाऱ्या मशीनच्या चिकट पाटीलाच, चिकटून राहिला. शिवाय ल निघाला दांडीचा, हिंदी वळणाचा. पाकळीचा ल मराठीत प्रमाण असल्याचं राज्य शासनाने २००९ मध्ये पुन्हा बजावलं, पण फाँट करणाऱ्यांपर्यंत ते दरवेळी पोचतंच असं नाही.

हाताने लिहिलेलं अक्षर आणि रंग यांची जोडी आपल्याकडे मुळीच नवी नाही. पोथी लिहिणारा बोरूने काजळीच्या शाईत मजकूर लिही, दंड आणि अध्यायाच्या शेवटच्या ओळी हिंगुळाने लाल करी, आणि चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासून ते झाकून टाकी. आपण आजही एखाद्याच्या मेहनतीवर ‘हरताळ फासतो’ तो तिथूनच आलेला. म्हणजे तीन रंग, आणि तिघांना तीन कामं. शोभेचा रंग त्यात कमीच.

छपाई आली तेव्हा हस्ताक्षर लगेच हद्दपार झालं नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. म्हणजे मजकूर हातानेच लिहायचा आणि दगडावरून त्याचे ठसे काढायचे. खिळे, म्हणजे धातूचे सुटे टाइप, आले तेव्हा अडचण वेगळीच उभी राहिली. इंग्रजीचा संच थोडक्या अक्षरांत भागतो. नागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरं धरली की शेकडो खिळे ओतावे लागतात. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने जे देखणे खिळे पाडले ते ग्रंथांच्या मजकुरासाठी. शीर्षकासाठी नखरेल, तिरका, नाचरा असा आणखी एक संच ओतायची चैन कोणाला परवडणार? खिळे जुळवणाऱ्याच्या खणात जे असेल तेच मोठं करून वापरायचं.

माझ्या मते मराठी सजावटी अक्षराचा सगळा इतिहास या टंचाईतून निघाला. खिळ्यांत वैविध्य नाही म्हणून पुस्तकाचं, दिवाळी अंकाचं, नाटकाचं नाव चित्रकाराकडून काढून घ्यायचं आणि त्याचा छापायला जस्ताचा ब्लॉक करायचा. पाश्चात्त्य जगात फ्रान्सच्या रॉजे एक्सकोफाँने १९५३ मध्ये आपल्या हस्ताक्षरावरून ‘मिस्त्राल’ हा टाइप केला, तेव्हा छापील अक्षरांना कंटाळलेल्यांना तो मोकळा वारा वाटला असेल. आपल्याकडे हात कधी बाजूला झालाच नव्हता. कमल शेडगे (निधन २०२०) यांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींसाठी काढलेली नाटकांची नावं आठवा. नाव वाचायच्या आधी नाटकाचा स्वभाव कळायचा. आणि ते अक्षर फक्त त्या एका नाटकाचं. त्यातला ‘म’ उचलून दुसरीकडे लावता येत नसे. फाँट नेमकं हेच शक्य करतो, आणि त्याची खोटही तीच आहे. एका शब्दात दोन ‘म’ आले की दोन्ही जुळे निघतात आणि हस्ताक्षराचं सोंग उघडं पडतं. चांगला फाँट म्हणून एकेका अक्षराची दोन-तीन रूपं पोटात बाळगतो.

संगणकावर र. कृ. जोशींसारखा कवी आणि सुलेखनकार नागरीच्या फाँटकडे वळला. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ त्यांचा. तो साधासरळ, पडद्यावर वाचायचा. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची दुकानं मात्र दीर्घकाळ युनिकोडबाहेरच्या, म्हणजे सगळ्या संगणकांच्या सामाईक अक्षरसंकेतात न बसणाऱ्या, जुन्या फाँटवर चालली. त्यातला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की अगम्य चिन्हं दिसत, म्हणून ‘कर्व्ह करून पाठवा’ (अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून) हे वाक्य त्या धंद्यात नमस्कारासारखं झालं. २०१४-१५च्या सुमारास फुकट वापरता येणारे युनिकोड फाँट आले आणि चित्र पालटलं. लिपी रावल यांचा पेनाच्या वळणाचा ‘कलम’, ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेचा गुबगुबीत ‘मोदक’, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला ‘यात्रा वन’. वाढदिवसाच्या बॅनरपासून राखीच्या पाकिटापर्यंत हे सगळे आता दिसतात.

पण रंग? अमेरिकेत विल्यम पेजने १८७४ साली रंगीत लाकडी टाइपांचा नमुनासंग्रह काढला होता. त्यात एकाच अक्षराचे दोन-तीन ठोकळे, प्रत्येक वेगळ्या शाईत, एकावर एक छापायचे. संगणकाचा फाँट त्याहून मागे होता. त्यात अक्षराची फक्त कड साठवलेली असे, आत रंग कुठला भरायचा ते वापरणाऱ्याने ठरवायचं. कारागिरांच्या मागणीने हे बदललं नाही, बदललं ते इमोजीमुळे! पिवळा हसरा चेहरा फोनवर अक्षरासारखा टाइप व्हायला हवा, म्हणून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांनी आणि ॲडोबी-मोझिला यांनी आपापल्या पद्धती काढल्या. २०१५-१६ मध्ये चारही ओपनटाइप या फाँटच्या सामाईक मानकात शिरल्या. मायक्रोसॉफ्टची पद्धत पेजच्या ठोकळ्यांची सख्खी नात आहे: अक्षराचे थर, प्रत्येक थराला एक रंग. ॲडोबी-मोझिलाच्या पद्धतीत अक्षराचं अख्खं चित्रच बसतं, त्यामुळे जलरंगाचा ओघळ आणि ब्रशच्या केसांच्या रेघासुद्धा येतात.

इथे पुन्हा शिरोरेषा आडवी येते. जलरंगी अक्षर अर्धपारदर्शक असतं. रोमनमध्ये अक्षरं सुटी, म्हणून काही बिघडत नाही. नागरीत रेघेचे तुकडे जिथे एकमेकांवर चढतात तिथे रंग दुप्पट गडद होतो आणि शब्दाच्या डोक्यावर ठिपक्यांची माळ उमटते. वरून खाली गडद होत जाणारा रंग चालून जातो. डावीकडून उजवीकडे बदलणारा दर अक्षरागणिक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

रुखवताचं काम शेवटी पेजच्या पद्धतीने झालं. फाँट बदलून पाकळीचा ल मिळवला, शब्द वेल्ड केला, मग लाल, पिवळ्या आणि हिरव्या कार्डशीटवर तोच शब्द तीन जाडींत कापून थर चिकटवले. ‘शु’ खालच्या जाड थराने धरून ठेवला. अनुस्वार तिसऱ्या खेपेलाही मॅटवर हरवला, तेव्हा बहिणीने पाकिटातली मोठी लाल टिकली काढून म वर लावली.